आक्काचे गुडघ्यांसाठीचे उपास

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. साल नेमकं सांगता येत नाही, आणि डॉक्टरांचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात याचीही खात्री नाही. माझी थोरली बहीण आक्का रत्नागिरीजवळ भाट्याला राहायची. गुडघे धरलेले, त्यात मधुमेह. मी तिला रत्नागिरीत डॉक्टरांकडे नेलं.

"गुडघ्यांसाठी काही करता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"संकष्टी नि सोमवार धरते. आंजर्ल्याच्या गणपतीला पायऱ्या चढून जायचंय."

"उपासाला खाता काय?"

"साबुदाण्याची खिचडी, रताळी. संकष्टीला चंद्र बघून मोदक."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आक्का, अशाने साखर वाढेल. सोडा हे उपास."

"साखर उतरली तर गुडघे बरे होतील?"

"नाही हो. गुडघे वेगळे, साखर वेगळी."

"मग उपास कशाला सोडू? मी गुडघ्यांसाठी आल्येय."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. आक्काने उपास चालू ठेवले, पण आंजर्ल्याला जाणं तिला जमलं नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी एका हाडांच्या डॉक्टरांना दोनदा विचारून खात्री करून घेतली. मधुमेहात होतं तसं शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं, की सांधे झिजण्याचा धोकाही वाढू शकतो, आणि त्याला कारण नुसतं वजन नसतं, असं आता मानतात.