गोटीच्या वहीबाबत पुरवणी जबाब

शनिवार, सकाळी ११ वाजून २० मिनिटे.

माझे नाव कालच्या तक्रारीत आहे, तेच कायम समजावे. वय ५४. शिक्षण संस्कृत विषयात पदव्युत्तर. व्यवसाय वार्ताहर. राहणार तिसरा मजला, थोरल्या बहिणीचे घर, तात्पुरता.

मला कोणी बोलावलेले नाही. मी आपण होऊन ठाण्यात आलो असून कालच्या माझ्या तक्रारीच्या संदर्भात सांगतो ते असे की,

सदर घर माझ्या ताईचे आहे. ताई लेकीच्या बाळंतपणासाठी तीन आठवडे परगावी गेली आहे. तिच्या मागे घर व कुत्री सांभाळण्यासाठी मी तेथे राहतो. घराला माझी गरज नव्हती. कुत्रीला होती.

कुत्रीचे नाव गोटी. वय तेरा, वजन सहा किलो, जात सांगता येत नाही. तिला कुशिंगचा आजार आहे. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडून मला समजले ते असे: मेंदूच्या तळाशी एक ग्रंथी असते, तिच्यावर बारीक गाठ येते, व त्या गाठीच्या हुकमावरून मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथी कॉर्टिसोल नावाचे द्रव्य नको तितके तयार करतात. त्यामुळे जनावर फार पाणी पिते, फार लघवी करते, केस विरळ होतात, पोट सुटते, धाप लागते व खाण्याची हाव सुटते. हे ऐकून मी ताईला म्हणालो होतो की लघवी वगळता हे माझेच वर्णन आहे. ताई हसली नव्हती.

उपचार एकच. रोज सकाळी खाण्याबरोबर एक कॅप्सूल. ती त्या द्रव्याला आवर घालते. परंतु आवर जास्त झाला तर द्रव्य अजिबात उरत नाही व जनावर कोसळते. त्याची पहिली खूण म्हणजे भूक मंदावणे. एरवी भांडे चाटूनपुसून साफ करणाऱ्या गोटीने भांड्यात काही ठेवले, तर शहाणी झाली असे समजायचे नाही, फोन करायचा. ताई जाण्याच्या आदल्या दिवशी रक्त तपासून डोस वाढवला होता. त्यामुळे पुढचे दोन आठवडे नजर ठेवण्याचे होते. बुधवारी डॉक्टरीणबाई फोन करून विचारणार होत्या व त्यानंतरच्या सोमवारी पुन्हा रक्त तपासायचे होते.

नजर ठेवण्यासाठी ताईने वही घातली आहे. तीत रोजचे रकाने आहेत: किती खाल्ले, पाणी किती, कॅप्सूल किती वाजता, उलटी-जुलाब, चाल कशी. शिवाय फ्रिजवर तिच्या हातची चिठ्ठी आहे: ‘खाल्लं नाही तर कॅप्सूल नाही. आधी फोन.’ खाली दोन रेघा. चिठ्ठी मी वाचलेली होती. कमीत कमी शब्दांत आशय उत्तम बसला आहे, असेही मनात आले होते.

आता माझ्या कामाच्या पद्धतीबद्दल सांगणे भाग आहे. उद्घाटने, सत्कार, वार्षिक सभा यांच्या बातम्या मी कार्यक्रमाच्या आधी लिहून ठेवतो. निमंत्रणपत्रिकेवर पाहुणे, विषय व वेळ असते. पाहुणे काय बोलणार हे पाहुण्यांपेक्षा मला आधी ठाऊक असते. ‘उपस्थिती लक्षणीय होती’ हे कधी चुकत नाही. एकतीस वर्षांत दोनदाच कार्यक्रम रद्द झाला, त्यातल्या एका वेळी बातमी छापून आली होती व रद्द झाल्याचे कोणाच्या लक्षात आले नाही. यात काही गैर आहे असे मला वाटत नसे.

मी राहायला आलो त्या रविवारी दुपारी मी गोटीच्या वहीतील पुढील रविवारपर्यंतचे सर्व रकाने एका बैठकीत भरले. आकडे ताईच्या जुन्या पानांवरून घेतले व एकसारखे दिसू नयेत म्हणून कोठे वीस मिली वाढवले, कोठे कमी केले. खाण्यापुढे सगळीकडे ‘संपूर्ण’ लिहिले. शेरा ‘प्रकृती उत्तम’.

(लिहिणारे हवालदार यांनी येथे विचारले, ‘‘साहेब, शाई तरी बदललीत का?’’ बदलली होती. दोन पेने वापरली.)

मंगळवारी गोटीने अर्धे खाल्ले. बुधवारी दोन घास. मी कालच्या तक्रारीत ‘कुत्री शुक्रवार दुपारपर्यंत ठणठणीत होती’ असे म्हटले आहे. ते खोटे आहे. तिचे भांडे रोज मी धुतो. धुण्यापूर्वी उरलेले मी माझ्या हाताने टोपलीत टाकले. म्हणजे मी पाहिले होते. मला कामावर जायचे होते, म्हणून मी तिचे तोंड उघडून कॅप्सूल जिभेच्या मागे ढकलली व घसा चोळला. तिने विरोध केला नाही. विरोध करण्याइतका जोर तिच्यात नव्हता, हे मला आज कळले.

बुधवारी सव्वाअकरा वाजता मी एका सभागृहाच्या पायऱ्यांवर असताना डॉक्टरीणबाईंचा फोन आला. वही माझ्या पिशवीत होती. त्यांनी विचारले, ‘‘खाते कशी?’’ मी वाचून दाखवले, ‘‘संपूर्ण.’’ ‘‘पाणी?’’ ‘‘तीनशे साठ.’’ ‘‘उलटी वगैरे?’’ ‘‘नाही.’’ त्या म्हणाल्या, ‘‘वा! इतकी व्यवस्थित नोंद कोणी ठेवत नाही हो. मग हाच डोस चालू ठेवा.’’ मी आभार मानले.

ज्यांच्याविरुद्ध मी काल तक्रार दिली ते गृहस्थ दुसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. वय ७१. घड्याळे दुरुस्त करतात. इमारतीत त्यांना सगळे घड्याळकाका म्हणतात. त्यांचे व माझे वैर होते असे मी काल सांगितले. वैर एवढेच की मागच्या वर्षी आजारपण सुरू झाले तेव्हा गोटीला तिसऱ्या मजल्यापासून खालपर्यंत दम निघत नसे व ती त्यांच्या दारासमोर लघवी करी. त्यांनी जिन्यात सूचना लावली. सूचनेत शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या. मी तेव्हा ताईकडे पाहुणा होतो. मी त्या लाल शाईने दुरुस्त केल्या व खाली दहापैकी सात गुण दिले. काकांनी सूचना काढून घेतली. ताई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

गुरुवारी संध्याकाळी काकांनी मला जिन्यात थांबवले. म्हणाले, ‘‘अहो बातमीदार, तुमची गोटी आज जिना चढताना दोनदा बसली. मागचे पाय लटलट कापत होते. एकदा दाखवून आणा.’’

तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या दोघी वहिनी तेथे उभ्या होत्या. मी म्हणालो, ‘‘काका, तेरा वर्षांची आहे ती. तुम्हीसुद्धा मधे टेकताच की.’’

वहिनी हसल्या. काकाही थोडे हसले. मग म्हणाले, ‘‘मी टेकतो, पण उठतो. ती उठत नव्हती.’’ आणि किल्ली काढून आत गेले. मी वर जाऊन वहीत पाहिले. चाल या रकान्यात गुरुवारपुढे ‘नेहमीप्रमाणे’ असे होते. माझेच अक्षर असूनही वाचून मला बरे वाटले.

शुक्रवारी, म्हणजे काल, सकाळी आठ वाजता कॅप्सूल दिली. खाणे शून्य. दुपारी दोनला मी बाहेर पडलो. दार लावून घेतले असे तक्रारीत आहे. दार ओढले होते. लागले की नाही ते पाहिले नाही. पावणेपाच वाजता परत आलो तेव्हा दुसऱ्या मजल्यावर गोटी आडवी पडली होती व काका तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसले होते. त्यांच्या हातात फडके व बाजूला फिनेलची बाटली होती. तर्कशास्त्रात धुरावरून अग्नी ओळखायला शिकवतात. मी फिनेलवरून विष ओळखले. गोटीला उलटी झाली होती व काका ती पुसत होते, हा पक्ष मी विचारातच घेतला नाही. मी ओरडून जे बोललो ते वहिनींच्या जबाबात आले आहे. ते खरे आहे. ‘थेरडा’ हा शब्दही खरा आहे.

काका म्हणाले, ‘‘भांडण मागनं करा हो. तिला उचला आधी.’’ मी गोटीला उचलले. रिक्षा त्यांनी थांबवली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावले. अंग थंड होते, नाडी मंद होती. मी सांगितले की शेजाऱ्याने विष घातले आहे. त्या म्हणाल्या, ‘‘रक्ताचे रिपोर्ट येऊ देत. आजची रात्र मोठी कठीण आहे.’’ मी रिपोर्टसाठी थांबलो नाही. सहा वाजता या ठाण्यात येऊन तक्रार दिली. तुमच्या माणसांनी काकांना साडेसहाला आणले व साडेनऊपर्यंत बाकावर बसवले. बाटली जप्त केली.

पुढील बाब तक्रारीत नाही, परंतु सांगतो. आठ वाजता मी कार्यालयात जाऊन बातमी दिली. मथळा: ‘मुक्या जिवावर विषप्रयोग, वृद्ध ताब्यात’. नाव दिले नाही. ‘त्याच इमारतीत राहणारा घड्याळे दुरुस्त करणारा इसम’ असे दिले. इमारतीत घड्याळे दुरुस्त करणारे दोन नाहीत. पान रात्री नऊला छपाईला जाते. रात्र कठीण आहे असे बाई म्हणाल्याच होत्या. म्हणून शेवटचे वाक्य मी असे लिहिले: ‘उपचारांदरम्यान श्वानाचा करुण अंत झाला.’

आज सकाळी नऊ वाजता मी दवाखान्यात गेलो. गोटी जिवंत होती. मान उचलून पाहत होती. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट समोर ठेवला. सोडियम घसरलेले, पोटॅशियम चढलेले, कॉर्टिसोल जवळजवळ नाही. म्हणाल्या, ‘‘विष नाही काही. कॅप्सूल जास्त पडली तर हेच होतं. पण हे एका दिवसात नाही होत. तीन-चार दिवस आधी खाणं सुटतं. वही आणलीय?’’

मी वही दिली. त्यांनी बुधवार पाहिला, गुरुवार पाहिला, शुक्रवार पाहिला. पान उलटले. मग चष्मा काढून पुसला.

‘‘आज शनिवार ना?’’

मी होय म्हणालो.

‘‘मग ही उद्या संपूर्ण जेवणार आहे आणि तीनशे चाळीस मिली पाणी पिणार आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं?’’

मदतनीस मुलगी फरशी पुसत होती, ती थांबली. बाई रागावल्या असत्या तर सोपे गेले असते. त्या एवढेच म्हणाल्या, ‘‘बुधवारी ही वही कोरी असती ना, तर मी कॅप्सूल तेव्हाच बंद केली असती.’’ वही त्यांनी कपाटात ठेवली. मला परत दिली नाही. मी मागितली नाही.

त्याच वेळी ताईचा फोन आला. तिने बातमी सकाळी सात वाजता मोबाईलवर वाचली होती. दोन तास तिला मला फोन लावण्याचा धीर झाला नाही, असे ती म्हणाली. आवाज बसला होता.

मी म्हणालो, ‘‘ताई, गोटी आहे. जिवंत आहे.’’

तिच्या मागे तान्हे बाळ रडत होते.

‘‘मग मी सकाळपासून कोणासाठी रडतेय?’’

मी तिला सगळे सांगितले. तिने मध्ये एकच प्रश्न विचारला, ‘‘भांडं तूच धूत होतास ना रे?’’ मी होय म्हणालो. पुढे ती म्हणाली, ‘‘काकांना यातून सोडव आधी. माझ्याशी नंतर बोल. नाही बोललास तरी चालेल.’’

सबब माझे सांगणे असे की घड्याळकाकांनी गोटीस काहीही खाऊ घातलेले नाही. तिला झाले ते माझ्या हातून झाले. दुखणे ओळखणारा त्या जिन्यात एकच माणूस होता व मी त्याच्याच विरुद्ध तक्रार दिली. ती मी मागे घेतो. खोटी माहिती दिल्याबद्दल माझ्यावर जी कारवाई होईल ती मला मान्य आहे. फिनेलची बाटली त्यांना परत मिळावी. बातमीची दुरुस्ती मी आज स्वतः देणार आहे. ती अद्याप लिहिलेली नाही. तिच्यात घडले तेवढेच येईल.

काका आज पुन्हा हजेरीसाठी बाहेरच्या बाकावर बसले आहेत, असे आत येताना दिसले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी पाहू शकलो नाही.

हा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. वाचताना दार उघडे ठेवावे व आवाज बाकापर्यंत जाईल इतका असावा, अशी विनंती मी केली होती, ती त्यांनी मान्य केली. वाचन चालू असता बाहेरून एक दुरुस्ती आली, ती अशी: ‘‘उलटी एकदा नाही, दोनदा झाली. पहिली शुक्रवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी. हे मोबाईलवर बोलत पुढे गेले होते, ती मागे राहिली होती. मी पुसून टाकली. म्हटलं, सकाळी सकाळी कशाला सांगा.’’ म्हणजे कॅप्सूल देण्यापूर्वी चाळीस मिनिटे. सदर दुरुस्ती माझ्या सांगण्यावरून जबाबात घेतली आहे. तिच्यासह सर्व मजकूर मी सांगितल्याप्रमाणे व खरा आहे. सही केली.