देवासाठी झिनिया

तुमच्यावर कधी चोराला 'पुन्हा चोरी करा' म्हणून विनवायची वेळ आलीय? माझ्यावर आली.

बेव्हर्ली पार्क सोसायटीतलं आमचं घर तळमजल्यावर. खिडकीखालच्या मातीत मी झिनियाचं बी पेरलं, दोन महिने रोपं पोरांसारखी जपली. फुलं आली आणि रोज सकाळी गायब व्हायला लागली. एकदा पहाटे उठून पाळत ठेवली, तर दुसऱ्या मजल्यावरचे कदमकाका! हातात पिशवी, पिशवीत माझी फुलं.

"काका, हे काय चाललंय?"

"देवासाठी गं."

"देव तुमचे, झाडं माझी!"

काका वर गेले. पुन्हा एका फुलाला हात लावला नाही.

मी खूश. पण तीनेक आठवड्यांत फुलं झाडावरच वाळली आणि नवी कळी काही येईना. नर्सरीवाल्याला फोटो दाखवला. तो म्हणाला, "मॅडम, झिनिया जितना काटोगे, उतना खिलेगा. पहले तो कोई बराबर काट रहा था. कौन था?"



शेवटी लाज गिळून काकांची बेल वाजवली. "काका, पहिल्यासारखी फुलं नेत जा ना."

"छे गं! तू बोललीस, तेव्हाच ठरवलं, त्या झाडांना हात लावायचा नाही. तूच आणून देत जा."

आता रोज सकाळी मी फुलं खुडून दोन जिने चढते. काल काका दारातच उभे होते. म्हणाले, "जरा लवकर येत जा गं. तुझ्यापायी देव खोळंबतात."