पॅसेंजर लाइन

(तिरोड्याजवळचं एक छोटं स्टेशन. त्याच्या मागे गल्लीच्या दोन्ही बाजूंना मिळून अठरा घरं. बासष्ट वर्षांचे केशोराव पाच वर्षांनी आपल्या घराच्या दारात उभे आहेत. शेजारच्या भागीरथाबाई तेलाची वाटी घेऊन आल्या आहेत. सकाळचे दहा.)

भागीरथा : जोर नोका लावू, भाऊजी. चाबी तुटन. तेल मुरू द्या जरासं.

केशोराव : बारा वाजता व्यापारी येणार आहे घर बघायला.

भागीरथा : कोन व्यापारी?

केशोराव : गोंदियाचा. तांदळाचा. मधल्या भिंती पाडून गोदाम करायचं म्हणतो.

भागीरथा : मंजे आता पोत्यायचा शेजार आमाले.

केशोराव : मग काय करू? मी नागपूरला हिमांशूकडे. पोरगा म्हणतो, बाबा, बंद घर कशाला ठेवता.

भागीरथा : कुलूप उघडलं पाहा. या. पायाखाली पाहून या, पाली हायेत.

केशोराव : पत्ते खेळायचा पाट अजून इथंच आहे की!

भागीरथा : जाईन कुठं? तुमाले आठवते, ही लाइन कशी बसली थे?

केशोराव : न आठवायला काय झालं? त्या पाटावरच नकाशा पसरला होता मी, गाडीच्या तिसऱ्या डब्यात, ऐन डावावर. लीलाधर बोंबलला, माझा हुकूम दाबला म्हणून. मी म्हटलं, हुकूम जाऊ दे, इथं प्लॉट घे. गाडी दारात थांबते. सात-चाळीसला बसलास की साडेआठच्या आत गोंदिया. रिटायर होईपर्यंत घोर नाही.

भागीरथा : अन् एका डब्यातले अठरा जन शेजारी झाले. लोकं म्हनत, पॅसेंजर लाइन. मी फाटकापाशी आलुबोंडे तळू. सात-पस्तीस झाले का साऱ्या घरायचे दरवाजे एकदमच वाजत. बकारामभाऊ तं अर्धी दाढी करून पळत.

केशोराव : उरलेली गाडीत. आरसा कवडूनं धरायचा.

भागीरथा : संध्याकाळी साऱ्या बाया वट्यावर. शिट्टी झाली का उठल्या, भात मांडाले.

केशोराव : आमची रुख्मा म्हणायची, तुमच्या गाडीचा भरवसा नाही, माझ्या भाताचा आहे.

भागीरथा : मंग लाकडाउन लागला. गाडी बंद. चालू झाली तं अकराले येऊन राहिली. ज्याले दहाले टेबलावर बसाचं हाये, थो अकराच्या गाडीनं काय करन? लीलाधरभाऊ गोंदियाले गेले, कवडूभाऊ भंडाऱ्याले. आता नऊ घरायले कुलपं हायेत. पन पहिलं कुलूप तुमचं होतं, भाऊजी. साऱ्यायले तुमी आनलं, अन् पहिले तुमीच गेले. सांगतलंबी नाही.

केशोराव : सांगण्यासारखं काही नव्हतं.

भागीरथा : मले मालूम हाये तुमी काऊन गेले.

केशोराव : काय मालूम आहे तुम्हाला?

भागीरथा : त्या दुपारी रुख्माबाईले दम लागला. ॲम्बुलन्स तिकडं रोडवर उभी, गल्ली बंद कराले बल्ल्या बांधल्या होत्या. बाईले खुर्चीवर बसवलं तुमी, अन् मले हाक मारली. 'भागीरथाबाई, एक हात द्या.' तीनदा मारली.

केशोराव : जाऊ द्या आता.

भागीरथा : बोलू द्या. मी घरातच होती. तीनयी हाका ऐकल्या. सुनेले, चंचलले, नववा महिना लागला होता, पोरगा विक्की नागझिऱ्यात अडकला होता. घरात मी अन् सूनच. मी आतून कडी लावली, भाऊजी.

केशोराव : कडीचा आवाज आला होता मला.

भागीरथा : आला होता?

केशोराव : हो. मग ड्रायव्हरनं धरली खुर्ची. तिसऱ्या दिवशी ही गेली.

भागीरथा : पाच वर्सं झाले. नात पाच वर्साची झाली. तिच्याकडं पाहिलं का मले थे खुर्ची दिसते. म्हनून मी कधी फोन नाही केला तुमाले.

केशोराव : पण मी त्यासाठी नाही गेलो, बाई.

भागीरथा : मंग कायच्यासाठी?

केशोराव : त्याच्या आठ दिवस आधी बकाराम आला होता. बोटाला लावायची ती मशीन मागायला, ऑक्सिजन दाखवणारी. अख्ख्या लाइनीत माझ्याकडंच होती. त्याच्या आईला धाप लागत होती. मी खिडकीतूनच सांगितलं, बिघडली.

भागीरथा : बिघडली नव्हती?

केशोराव : चांगली चालत होती. भीती वाटली. त्याच्या घरातून परत आलेली मशीन आपल्या बोटाला कशी लावायची, म्हणून खोटं बोललो. बकारामशी! वीस वर्षं त्याच्या डब्यातली भाजी खाल्ली मी. मग ही गेली, आणि समोरच्या खिडकीत रोज बकाराम दिसायचा. नागपूरला बदली मागून घेतली. तुम्ही तर कडी लावली, मी तोंडावर नाही म्हटलं.

भागीरथा : बकारामभाऊले भेटली होती थे मशीन.

केशोराव : कुठून?

भागीरथा : रुख्माबाईनं देली. दुसऱ्या दिवशी, मागच्या दारानं, पदरात बांधून नेली. मी आंगनातून पाहिलं तं मले म्हने, आमच्या यायले सांगू नोको. भेतात जरासे, पन मनानं वाईट नाही.

केशोराव : अशी म्हणाली?

भागीरथा : असीच.

केशोराव : अहो, मी ती मशीन शोधत होतो त्या दिवशी! कपाट उपसलं, गाद्या झटकल्या. ही चुलीपाशी बसून म्हणते कशी, बिघडली ना थे? मंग कायले धुंडून राहिले?

भागीरथा : हासून राहिले का रडून राहिले तुमी?

केशोराव : मले नाही समजून राहिलं, बाई. बकारामची आई?

भागीरथा : हाये ना. नव्वदीच्या वर गेली. दिवसभर सुनेले शिव्या देते, चांगली धडधाकट हाये.

केशोराव : आणि हिला तिथूनच...

भागीरथा : कोन सांगन? तवा थो कोरोना बाजारात होता, हवेत होता. तुमी नोका धुंडू. बाईनं नाही धुंडलं.

रीना : आत येऊ का? केशोकाका, ओळखलं? मी रीना. लीलाधरची.

केशोराव : अवं माय! फ्रॉक घालून स्टेशनावर यायचीस बाबाला घ्यायला. गोंदियाला होतीस ना तू?

रीना : बाबा-मम्मी तिथंच आहेत. मी आले परत, आमच्या जुन्या घरात. दोन साल झाले. पुण्याची कंपनी आहे, पण काम इथूनच. महिन्यातून दोन दिवस जावं लागते, बस.

केशोराव : म्हणजे गाडीचं कामच नाही?

रीना : गाडी नाही, काका, नेट पाहिजे. माझ्यासोबत अजून तिघी आहेत. एक तिरोड्याची, दोघी चोरखमाऱ्याकडच्या. दोन खोल्यांत चौघींच्या मिटिंगा एकाच टायमाला. परवा माझ्या बॉसला बाजूच्या मैत्रिणीनंच उत्तर दिलं, म्हणजे बघा! काकू म्हणाल्या तुम्ही आज येणार. विकत घेणं आम्हाला जमणार नाही. पण किरायानं द्याल का?

केशोराव : चार पोरी एकट्या राहाल?

रीना : एकट्या कुठं? समोर बकारामकाका, बाजूला काकू.

केशोराव : आणि उद्या कंपनीनं सांगितलं, उठा, सगळ्या पुण्यात या, तर? मीही या लोकांना असंच सांगितलं होतं, गाडी कुठं जाते म्हणून.

रीना : सांगतील तेव्हा पाहू. तोवर तर राहू ना. तुम्ही किती वर्षं राहिलात इथं?

केशोराव : एकवीस.

रीना : एकवीस वर्षं कमी आहेत का, काका?

केशोराव : टेबल कुठं मांडाल?

रीना : स्वयंपाकघराच्या खिडकीशी. तिथं उजेड चांगला आहे.

केशोराव : दुपारी ऊन येतं तिथं, डोळ्यांवर. पडदा लावा. निळा असेल आतल्या पेटीत, शिवलेला.

रीना : म्हणजे... हो म्हणता तुम्ही?

केशोराव : व्यापाऱ्याला फोन करून सांगतो, येऊ नका म्हणून.

रीना : थांबा, मी त्या तिघींना घेऊन येते! आत्ताच!

भागीरथा : पाहा, चप्पल न घालताच पळाली. भाऊजी, चला, हात-पाय धुवा. लाखोरीची दाळ शिजवली हाये. बकारामभाऊलेबी बलावतो जेवाले. बलावू ना?

केशोराव : बोलवा. मीच बोलतो त्याच्याशी.

भागीरथा : मंग चला.

केशोराव : तुम्ही व्हा पुढं, बाई. पोरी राहायला येणार आहेत, ते रुख्मालाही सांगायला पाहिजे ना.