राजा बाहेर काढला तो डाव

उमरग्याच्या बुद्धिबळ स्पर्धेत शेवटच्या डावात मी सरांना हरवलं, हे तुम्ही ऐकलंच असंल. पण खरी गंमत त्यानंतर झाली. जिंकणारा जिल्हा स्पर्धेला धाराशिवला जाणार होता. मी आठवीत शाळा सोडून गॅरेजला लागलेला, आणि सर गणिताचे क्लास घेणारे, दरवर्षी जिल्ह्याला जाणारे.

त्या डावात मी राजा घरातून काढून चालत चालत पटाच्या मधोमध नेला होता. हरल्यावर सरांनी तोच डाव पुन्हा मांडला आणि लोकांना गोळा केलं.

"राजा असा मोकाट सोडतेत व्हय? इथं मी वजिरानं शह दिला असता तर?"

मी राजा एक घर सरकवला. मग त्यांनी घोड्यानं शह दिला. राजानं घोडाच मारला. लोक हसायला लागले.

सरांनी मोहरे परत पहिल्या जागी ठेवले आणि पट पुन्हा पुन्हा न्याहाळला. मग त्यांनी हत्ती उचलून आडवा आणला.

"आता?"

आता राजाला जागाच नव्हती. सरळ मात होती. खेळताना ही चाल मलाही दिसली नव्हती.

"बघा, डाव माझाच होता," सर म्हणाले. "जिल्ह्याला मला जाऊ दे बाळा. तुझी तिथं लई फजिती होईल."

चारचौघांत बोलायचं म्हटलं की मला घाम फुटतो. तरी बोललो.

"सर, हत्ती तुम्हाला आत्ता सापडला. डाव मघाशीच संपला. जिल्ह्याला मीच जाणार, आन् राजा तिथंबी बाहेर काढणार."