शाम्याचा एकशिंग्या बैल

हस लेका रशीद, तुहीच गोष्ट सांगून राह्यलो! महाराष्ट्र नवाच झालता. बाभुळगावच्या शाळेत 'माझे गाव' निबंधात शाम्यानं गाइडातला समुद्रकिनारा जसाच्या तसा उतरवला.

गुरुजी म्हणे, "बाभुळगावात समुद्र कुठून आला बे? तुह्या घरचं लिह्य."

मंग त्यानं घरच्या एकशिंग्या बैलावर लिहिलं. कापसाच्या जिनिंग कारखान्याचा भोंगा वाजला का तो मालकाची वाट न पाहता गाडी वढाले लागते. गुरुजीनं वर्गात वाचून दाखवलं अन् म्हणे, "उद्या सगळे आपापल्या घरचं लिहून आना."

दुसऱ्या दिवशी पाह्यलं, तं साऱ्याच्याच घरी एकशिंग्या बैल! या रशीदच्या बापाचं सायकलीचं दुकान, पण बैल तिथंबी बांधला होता.

शाम्या रडकुंडीला आला. "गुरुजी, तो बैल माहा हाये! यायनं चोरला!"

गुरुजीनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "अन् तो समुद्र कोनाचा होता, राजा?"