काकूंच्या मोरीचं पाणी

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या वसाहतीचे कारभारी साहेबराव, आईला न्यायला बंगळूरहून आलेले हिमांशू, आजच्या सत्कारमूर्ती कालिंदीकाकू, आणि भाषणं लवकर आटोपतील या आशेवर बसलेले सभ्य श्रोतेहो,

मी काकूंच्या समोरच राहतो. व्यवसायानं वार्ताहर, त्यामुळे दुष्काळाच्या बातम्या भरपूर लिहिल्या. आज एका बागेची बातमी देतो.

नळ आठवड्यानं यायचा त्या वर्षी गल्लीतल्या हिरवळी करपल्या. काकूंनी आपली हिरवळ आधीच उपटून खडी पसरली होती. मोरीचं पाणी गटारात न जाता वाळू-गोट्यांच्या खड्ड्यातून कर्दळीच्या वाफ्यात, आणि तिथून चरानं जाईचा वेल, कढीपत्ता आणि डाळिंबाकडे. आळ्यांवर पाचोळ्याचं पांघरूण. मोरीत साबण वर्ज्य, वाटीत बेसन. नियम एकच: माणसाच्या कामी आलेलं पाणीच झाडाला.

बाग घरातल्या माणसांच्या बेतानं लावलेली. मग मुलगा, सून आणि नात स्वराली बंगळूरला गेली, कर्दळ खुरटली. काकूंचे यजमान व्यंकटराव गेले, डाळिंब वाळलं. घरातलं माणूस कमी झालं, हे आपल्याला कुणीतरी येऊन सांगावं लागतं. बागेला ते मोरीतून कळायचं.

पुढचं आपण सर्वांनी भोगलं आहे. काकूंच्या दारात पाऊल टाकलं की हुकूम: "आधी मोरीत हात-पाय धुवा." आपण समजलो, सोवळं! मी पडलो संस्कृतचा विद्यार्थी. अतिथीला पाद्य देण्याची परंपरा या घरात कशी टिकली आहे, यावर मी काकूंसमोरच प्रवचन झोडलं. त्या म्हणाल्या, "हो का? मग डावा पायही नीट धू." आणि आपले साहेबराव, मूळचे करमाडचे, एकदा वैतागून म्हणाले, "काकू, वखर हाकून आलो तरी माय एवढे पाय धुवायला लावत नव्हती. मी लई मळका दिसतो व्हय?"

"दिसता," काकू म्हणाल्या, आणि दुसरा तांब्या पुढं केला.

गेल्या आठवड्यात सामान बांधताना त्यांनीच खुलासा केला. सोवळं वगैरे काही नव्हतं. एकटीचं पाणी झाडांना पुरेना, म्हणून आपले पाय. मी वार्ताहर, शंका काढलीच: "तोच तांब्या सरळ आळ्यात ओतला असता तर?"

"जाई जगली असती रे," काकू म्हणाल्या. "पण तुमची वाट बघायला मला निमित्त कुठलं उरलं असतं?"

सभ्य श्रोतेहो, मी पुस्तकांच्या खोक्याला दोरी बांधत बसलो.

हिमांशू म्हणाले, "आई, टँकर लावतो, माळी ठेवतो, बाग राहील." काकू म्हणाल्या, "कुठल्यातरी गावची विहीर उपसून माझी फुलं नकोत. ज्याच्या घरी माणसं, त्याला रोप." साहेबरावांचं घर भरलेलं, त्यांना कर्दळ आणि कढीपत्ता. मी एकटा, मला कोरफड. "ती कुणाकडे काही मागत नाही. तुला शोभते."

मी जाई मागितली.

"जाईला एका माणसाचं पाणी पुरायचं नाही, बद्री. तुझ्याकडे येतं कोण?"

 

काकूंची गाडी उद्या सकाळी आहे. जाईचं रोप अजून कुणालाही दिलेलं नाही. अध्यक्ष महाराज, आपण मला बोलण्याची संधी दिलीत, आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. काही अधिक-उणं बोललो असेन तर पोटात घाला. आणि एक विनंती. माझ्याकडे येत चला. काही काम नसताना या. चहा मला बरा जमतो. पाय मात्र धुवावे लागतील.

ज्यांना यायला जमेल त्यांनी आत्ताच हात वर करावेत. जरा उंच करा. काकूंना लांबचं कमी दिसतं.