येळवस, आंबील आन जीप

न्हाई, तुमीच सांगा, आंबिलीच्या मडक्यावर काय बांधायचं असतं? फडकं. ताकात भिजवलेलं जवारीचं पीठ रातभर आंबतं, त्याला दम घ्यायला जागा लागती. आमच्या रेनापूरकडं हे शेंबड्या पोरालाबी ठावं हाय. पन तारामतीबाई म्हनल्या, "केवळाबाई, मडकं गाडीत सांडेल गं, ही प्लास्टिकची बरणी घे, हिला फिरकीचं झाकण आहे." आन म्या घेतली. घेनार न्हाई तर काय... जीप व्हती ना!

लातूर नुकताच जिल्हा झालेला. आमचे हे नव्या हापिसात शिपाई लागले, म्हनून आम्ही गाव सोडून तिथं आलो. तारामतीबाई हेडक्लार्काच्या. त्यांच्या वट्ट्यावर बसंल ती बाई गल्लीत मोठी, बाकीच्यांना कोन इचारतं? मी चार म्हैने वट्ट्याखाली हुबी. आन येळवसेला, म्हंजी समदं गाव शिवारात जेवतं त्या आवसेला, त्यांनीच हाक मारली. "जीप सांगितलीय. शेतात जेवू. आंबील तुझ्या हातची."

आता येळवसेला मी कुठं असते? रेनापूरला, माझ्या मैतरनीच्या, सरजाच्या शेतात. सरजा, शिवम्मा आन मी, बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडायचो. त्या साली शेतात नुसती ढेकळं, तरी येळवस केली, तिघींत मिळून एक मडकं आंबील. तवापसून पूजेची कोप, म्हंजी कडब्याची खोपटी, सरजाची, समद्या शेंगा-भाज्यांची भज्जी शिवम्माची, आंबील माझी. ती शेतात शिंपडल्याबिगर तिथं कुनी घास घेत न्हाई. म्या निरोप धाडला, औंदा जमंना, पाय दुखतो. पाय चांगला ठणठणीत. पन जीप व्हती ना!

निघालो त्याच रेनापूरच्या रस्त्यानं. झुळझुळीत साड्यांच्या बाया, मी मधी कोंबलेली, बरनी मांडीवर. खड्डा आला की आंबील आत गुरगुरती. म्हनलं, "बाई, झाकन जरा सैल करू?" "राहू दे गं, सांडेल." ऊन चढलं, बरनी फुगून गाभन शेळीवानी टम्म. तवर तारामतीबाई म्हनल्या, "बघू तरी वास कसा येतो," आन दिला झाकनाला हिसका...

काय सांगू तुमाला. टपाला आंबील, डायवरच्या टोपीवर आंबील, तारामतीबाईंच्या अंबाड्यात लसनाच्या पाकळ्या. मी पोट धरून हसले. अन् बघते तर एकटीच हसत व्हते. बाकीच्यांची तोंडं अशी, जशा मयताला निघाल्यात. सरजा असती तर हसून जीपखाली पडली असती. बाहीर बघितलं, सरजाच्या शेताची वाट आलेलीच व्हती. म्हनलं, दादा, थांबव गाडी.

"अगं, कुठं चाललीस?"

"माझा पाय बरा झाला," म्हनलं.

बरनीच्या तळाला वंजळभर राहिली व्हती, ती घिऊन बांधाबांधानं पळाले. कोपीपुढं दोघी उपाशी बसलेल्या. इचारलं, निरोप मिळाला न्हाई का गं?

"मिळाला की," सरजा म्हनली. "पन तुजा पाय दुखला तर तू सरपटत येशील, हे म्हाईत हाय आमाला." मग मला खालपसून वरपर्यंत न्याहाळलं, वास घेतला. "शिवम्मे, आंबील आली बघ. पिळून घे हिला."

अशा हसलो तिघी, की शेजारच्या शेतातली मानसं ताटं सोडून बघाय आली.

तळाची आंबील शिंपडायला पुरली, प्यायला न्हाई. सरजानं खोदून खोदून इचारून जीपची समदी गोष्ट काढून घेतली आन दंड ठोकला, भांडी घासायची. तवापसून दर येळवसेला भांडी माझ्याकडं. आता गुडघे खरंच दुखतेत हो. तसं म्हनलं तर ही सरजा काय म्हनती म्हाईताय?

"दुखतेत? मग जीप बोलवू का?"